जुने जार पुन्हा कंपाइल न करता इंटरफेसमध्ये नवी मेथड कशी घालायची?

गोरेगाव_पूर्व (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सूचना पाठवण्याचं एक अंतर्गत फ्रेमवर्क आहे, जावा १७ आणि स्प्रिंगवर. गाभा म्हणजे ‘मेसेजचॅनेल’ हा इंटरफेस (क्लासने कुठल्या मेथड पुरवायच्या याची यादी). त्यात दोनच मेथड आहेत. ‘सेंड’ एक संदेश घेते आणि पावती देते. ‘स्टेटस’ पावतीच्या क्रमांकावरून संदेश कुठवर पोचला ते सांगते. अकरा टीम हा इंटरफेस इम्प्लिमेंट करतात. एसएमएसवाले ऐरोलीला, ईमेलवाले लोअर परळला, पुश सूचनांचं काम अंधेरीला. शिवाय दोन चॅनेलचा नुसता जार (कंपाइल झालेल्या कोडचं पॅकेज) हाताशी आहे, सोर्स नाही आणि मिळण्यातलाही नाही.

आता दोन मेथड हव्या आहेत. एक ‘सेंडऑल’: सकाळी ९:१५ ला शेअर बाजार उघडला की मार्जिनच्या सूचना एकदम निघतात, तेव्हा एकेक संदेशासाठी गेटवेकडे वेगळी फेरी परवडत नाही. दुसरी ‘कॅन्सल’: रांगेत असलेला संदेश मागे घ्यायला.

सध्या आवृत्ती ३.४ चालू आहे. थेट ४.० काढली तर अकराही टीमना एकाच शनिवारी रात्री डिप्लॉय करायला लावावं लागेल, ते होणार नाही. म्हणून प्रयोग केला: ‘सेंडऑल’ साधी ॲबस्ट्रॅक्ट (आत कोड नसलेली) मेथड म्हणून घातली, फक्त फ्रेमवर्कचा जार बदलला, चॅनेलचे जार जुनेच ठेवले. ॲप व्यवस्थित सुरू झालं, सगळ्या टेस्ट पास झाल्या. मग इंटरफेसला मेथड वाढवली की जुनं मोडतं असं म्हणतात ते नेमकं कुठे मोडतं? आणि डिफॉल्ट मेथड (इंटरफेसमध्येच कोड लिहिलेली) दिली की प्रश्न मिटतो का?

---

पारसिक_बोगदा

ॲप सुरू होणारच. जावाच्या भाषा-विनिर्देशाचं तेरावं प्रकरण बायनरी सुसंगततेवर (जुना कंपाइल झालेला कोड तसाच चालत राहतो का यावर) आहे, आणि इंटरफेसमध्ये मेथड वाढवणं तिथे सुसंगत बदलांतच मोडतं. क्लास लोड करताना इंटरफेसमधल्या सगळ्या मेथड भरल्या आहेत का, हे जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारी प्रणाली) बघत नाही. ते काम कंपायलरचं. जुन्या ऑब्जेक्टवर कुणी नवी मेथड प्रत्यक्ष बोलावली, की त्या क्षणी ‘ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर’ येतो. तुमच्या एकाही टेस्टने ‘सेंडऑल’ बोलावलंच नव्हतं, म्हणून सगळं हिरवं दिसलं. प्रॉडक्शनमध्ये ९:१५ ला पहिली यादी सुटली असती आणि जुना जार असलेल्या चॅनेलवर फुटली असती.

यात एक गोष्ट जास्त घातक आहे. हा ‘एरर’ आहे, ‘एक्सेप्शन’ नाही. ‘कॅच एक्सेप्शन’ लिहिलेल्या कोडमधून तो निसटतो. आणि काम थ्रेड पूलला ‘सबमिट’ने दिलं असेल, तर तो फ्युचरमध्ये जाऊन बसतो, ‘गेट’ कुणी केलं नाही तर लॉगमध्ये एक ओळही दिसत नाही. संदेश गेले नाहीत एवढंच कळतं.

जेडीबीसीमध्ये (डेटाबेसशी जोडणीच्या जावा इंटरफेसमध्ये) हेच घडलं होतं. २००६ च्या जावा ६ मध्ये ‘कनेक्शन’ इंटरफेसला ‘इजव्हॅलिड’ ही मेथड आली. कनेक्शन पूल ती बोलावू लागले आणि जुने ड्रायव्हर याच एररने पडू लागले. तेव्हा डिफॉल्ट मेथड नव्हत्या. त्या मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आल्या, आणि त्या आल्याच मुळी या गरजेतून: ‘कलेक्शन’ला ‘स्ट्रीम’ द्यायचं होतं, पण जगभरातले लोकांचे स्वतःचे कलेक्शन क्लास मोडायचे नव्हते.

लॉग वाचताना हा फरक ध्यानात ठेवा. ‘ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर’ दिसला तर चॅनेलचा जार जुना आहे. ‘नोसचमेथडएरर’ दिसला तर बोलावणारा नवा आहे आणि क्लासपाथवर फ्रेमवर्कचाच जुना जार चढला आहे. दुसऱ्या वेळी चॅनेलवाल्यांना फोन करू नका, मेव्हन या बिल्ड टूलचं डिपेंडन्सी ट्री काढा.

आता डिफॉल्टबद्दल. ‘सेंडऑल’साठी डिफॉल्ट योग्य आहे, कारण ती जुन्या मेथडवरून प्रामाणिकपणे बांधता येते: यादीतला एकेक संदेश घ्या, ‘सेंड’ बोलवा, निकाल जमा करा. जुने जार, अगदी जावा ७ साठी कंपाइल केलेलेसुद्धा, हे डिफॉल्ट उचलतात. पण लिहिण्याआधी करार ठरवा:

दहातला तिसरा संदेश फसला तर? अपवाद बाहेर फेकलात तर पहिले दोन गेले की नाही हे बोलावणाऱ्याला कळत नाही. तो सगळे दहा पुन्हा पाठवतो आणि दोघांना तोच संदेश दोनदा जातो. प्रत्येक ‘सेंड’भोवती अपवाद पकडा, त्या जागी अयशस्वी निकाल ठेवा, पुढे चला. जितके संदेश तितके निकाल, त्याच क्रमाने. रिकामी यादी आली तर रिकामा निकाल, एरर नाही. हे सगळं जावाडॉकमध्ये लिहा, कारण उद्या एसएमएस टीम स्वतःची ‘सेंडऑल’ लिहील तेव्हा तिने नेमकं हेच पाळायला हवं.

परताव्यात थेट ‘लिस्ट’ देऊ नका, ‘समूहनिकाल’ असा स्वतःचा क्लास द्या. प्रकाशित झालेल्या मेथडचा परताव्याचा प्रकार नंतर बदलता येत नाही. बाइटकोडमध्ये परताव्याचा प्रकार मेथडच्या ओळखीचाच भाग असतो, त्यामुळे सबक्लास परत केला तरी जुना बोलावणारा ‘नोसचमेथडएरर’ने पडतो. क्लास असेल तर त्यात पुढे हवं ते वाढवता येतं. इनपुटचंही तेच: यादीबरोबर उद्या प्राधान्य आणि कालमर्यादा लागणार असं दिसत असेल, तर आजच ‘समूहविनंती’ घ्या.

आणि अयशस्वीसाठी जुन्या स्थितीच्या एनममध्ये (ठरावीक मूल्यांच्या यादीत) नवं मूल्य घालायचा मोह टाळा. ज्यांनी त्यावर ‘डिफॉल्ट’ शाखा न ठेवता स्विच एक्स्प्रेशन लिहिलं आहे, त्यांचा जुना कोड जावा १७ वर ते मूल्य आलं की ‘इनकम्पॅटिबलक्लासचेंजएरर’ देतो.

---

चर्चगेट_स्लो

पारसिकभाऊंशी सहमत. पण डिफॉल्ट दिल्यावर जे मोडतं ते एरर देत नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. तीन जागा तपासा.

पहिली, इनहेरिटन्स. समजा एका टीमने एसएमएस चॅनेलचा सबक्लास करून ‘सेंड’ ओव्हरराइड केली आहे आणि तिथे डीएलटीवर (टेलिकॉम ऑपरेटरांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळतो का ते तपासलं आहे. ३.५ चं डिफॉल्ट आलं तेव्हा ठीक, कारण ते ‘सेंड’मधूनच जातं. महिन्याभराने एसएमएस टीम मूळ क्लासमध्ये ‘सेंडऑल’ स्वतः लिहिते, ५०० संदेश एका एचटीटीपी विनंतीत. आता ‘सेंडऑल’ सबक्लासच्या ‘सेंड’ला शिवतही नाही आणि तपासणी गायब होते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे टेम्प्लेटशी न जुळणारा व्यावसायिक एसएमएस ऑपरेटरकडेच अडतो. तुमच्याकडे ‘पाठवला’ दिसतं आणि ग्राहकाकडे काही पोचत नाही. एररही नाही, कंपायलरची वॉर्निंगही नाही.

दुसरी, रॅपर. ‘रीट्रायचॅनेल’सारखा क्लास आत खरा चॅनेल ठेवून ‘सेंड’ पुढे ढकलतो. त्याला ‘सेंडऑल’ माहीतच नाही, म्हणून त्याच्यावर इंटरफेसचं डिफॉल्ट चालतं आणि ते आतल्या चॅनेलची ‘सेंड’ ५०० वेळा बोलावतं. निकाल बरोबर येतो, पण आतल्या चॅनेलने मेहनतीने लिहिलेली ‘सेंडऑल’ वापरलीच जात नाही. ज्यासाठी मेथड आणली तो फायदा शून्य, आणि सहसा हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण चालतंय ना! जावा ८ मध्ये ‘रिमूव्हइफ’ आली तेव्हा जेडीकेने स्वतःच्या सिंक्रोनाइज्ड कलेक्शनमध्ये ती मुद्दाम कुलूप घेऊन पुन्हा लिहिली, ती याच जातीच्या कारणासाठी. नुसतं डिफॉल्ट चाललं असतं तर कुलूप न घेताच यादी बदलली असती.

तिसरी, स्प्रिंगचे प्रॉक्सी (मूळ ऑब्जेक्टच्या पुढे उभे राहून बोलावणं आधी घेणारे ऑब्जेक्ट). ‘सेंड’वर ट्रान्झॅक्शनचं ॲनोटेशन आहे का? बोलावणारा प्रॉक्सीवर ‘सेंडऑल’ बोलावतो, प्रॉक्सी ती मूळ ऑब्जेक्टकडे देतो, आणि डिफॉल्टच्या आतली ‘धिस डॉट सेंड’ थेट मूळ ऑब्जेक्टवर चालते. प्रॉक्सी मध्ये येतच नाही. म्हणजे ट्रान्झॅक्शन नाही, रीट्राय नाही, ऑडिट नाही. उपाय: ‘सेंडऑल’वरही ती ॲनोटेशन विचारपूर्वक लावा. ‘सेंड’वरची जशीच्या तशी उचलू नका, नाहीतर पाचशे संदेश एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातील.

कुणी हाताने इन्व्होकेशन हँडलर (प्रॉक्सीवर आलेलं बोलावणं हाताळणारा कोड) लिहिला असेल आणि मेथडच्या नावावर स्विच केला असेल, तर अनोळखी नावाला तो काय करतो ते बघा. जावा १६ पासून ‘इन्व्होकडिफॉल्ट’ मिळतं, ते वापरा.

---

गोरेगाव_पूर्व

दोघांचेही आभार. रॅपर शोधले, चार निघाले. ‘सेंड’वर ट्रान्झॅक्शनही आहे.

आता ‘कॅन्सल’. ही ‘सेंड’ आणि ‘स्टेटस’वरून बांधता येत नाही. डिफॉल्टमध्ये ‘अनसपोर्टेडऑपरेशन’ फेकणं बरं, की वेगळा इंटरफेस?

---

वाशी_खाडीपूल

वेगळा इंटरफेस. जुन्या मेथडवरून खरं उत्तर काढता येत नसेल तर डिफॉल्ट देऊ नये. अपवाद फेकणारं डिफॉल्ट म्हणजे ‘ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर’च, फक्त कपडे बदललेला. ‘फॉल्स’ परत करणारं डिफॉल्ट तर त्याहून वाईट: ‘रद्द झालं नाही’ आणि ‘मला रद्द करताच येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच उत्तरात मिसळतात.

‘रद्दक्षमचॅनेल’ असा इंटरफेस करा, ‘मेसेजचॅनेल’ला एक्स्टेंड करणारा, त्यात ‘कॅन्सल’ ॲबस्ट्रॅक्टच ठेवा. तो अजून कुणी इम्प्लिमेंट केलेला नाही, म्हणून मोडण्यासारखं काही नाही.

पण बोलावणाऱ्याला ‘इन्स्टन्सऑफ’ करायला सांगू नका. तुमचे चार रॅपर मध्ये आहेत. आतला एसएमएस चॅनेल रद्द करू शकतो, पण बाहेरून दिसतो तो ‘रीट्रायचॅनेल’, आणि उत्तर येतं ‘नाही’. त्यासाठी ‘मेसेजचॅनेल’मध्ये एक छोटी डिफॉल्ट मेथड घाला, ‘क्षमता’: ती क्लास घेते आणि ऑप्शनल देते. डिफॉल्टमध्ये ‘मी स्वतः त्या प्रकारचा असेन तर मी, नाहीतर रिकामं’. रॅपरने ती ओव्हरराइड करून आतल्याला विचारायचं. जेडीबीसीत ‘रॅपर’ नावाचा इंटरफेस आहे, त्यातल्या ‘इजरॅपरफॉर’ आणि ‘अनरॅप’ याच कामाच्या. पुढच्या वर्षी ‘वेळ ठरवून पाठवा’ किंवा ‘पोचपावती ऐका’ अशी मागणी आली तर मूळ इंटरफेसला हात न लावता नवी क्षमता जोडता येईल.

एक खबरदारी: आतला चॅनेल हातात मिळाला की रॅपरचं रीट्राय आणि ऑडिट बाजूला पडतं. ‘कॅन्सल’चं ऑडिट हवं असेल तर रॅपरने आतला ऑब्जेक्ट तसाच देऊ नये, ‘रद्दक्षम’ असा स्वतःचा छोटा रॅपर गुंडाळून द्यावा.

---

पारसिक_बोगदा

इथे मी थोडा वेगळा आहे. अकरापैकी नऊ-दहा चॅनेल पुढे-मागे रद्द करू शकणार असतील, तर कायमचा दुसरा इंटरफेस बोलावणाऱ्याच्या गळ्यात राहतो. पीएचपीत सिम्फनीवाले दुसऱ्या वाटेने जातात. मायनर आवृत्तीत मेथड इंटरफेसच्या कोडमध्ये येत नाही, फक्त वरच्या डॉकब्लॉकमध्ये ‘ॲटमेथड’ म्हणून जाहीर होते. ज्यांच्या क्लासमध्ये ती नाही त्यांना डेव्हलपमेंटमध्ये डेप्रिकेशनची सूचना दिसते, आणि पुढच्या मेजरला ती खरी मेथड होते. त्यांचं मेजर दर दोन वर्षांनी येतं, म्हणजे लोकांना पुरेसा वेळ मिळतो. पण तुमच्याकडे सोर्स नसलेले दोन जार आहेत. ते कधीच बदलणार नाहीत, म्हणून तुमच्यासाठी वाशीकरांचाच मार्ग.

---

डोंबिवली_फास्ट

मर्ज करण्याआधी हे करा.

नावं तपासा. प्रत्येक चॅनेलच्या जारवर ‘जावापी’ (क्लासमधल्या मेथड दाखवणारं टूल) चालवा, ‘-पी’ लावून, म्हणजे प्रायव्हेटही दिसेल. ‘सेंडऑल’ किंवा ‘क्षमता’ नावाची मेथड कुठे आधीच आहे का बघा. तेच नाव, तेच पॅरामीटर आणि तोच परतावा असेल तर क्लासमधली मेथड डिफॉल्टला हरवते आणि फ्रेमवर्क तिलाच बोलावतं, तिचा अर्थ काहीही असो. ती प्रोटेक्टेड किंवा पॅकेजपुरती असेल तर रनटाइमला ‘इलीगलॲक्सेसएरर’. परतावा वेगळा असेल तर जुना जार चालेल, पण ती टीम पुढच्या वेळी कंपाइल करायला बसली की बिल्ड फुटेल. ‘समूहविनंती’ हा तुमचाच नवा प्रकार पॅरामीटरमध्ये घेतलात तर ‘सेंडऑल’पुरती ही टक्कर होऊच शकत नाही. पॅरामीटर ऑब्जेक्टचा हा दुसरा फायदा.

जॅपीकंप (दोन जारची तुलना करणारं टूल) मेव्हनच्या व्हेरिफाय टप्प्यात लावा, तुलना ३.४ च्या प्रकाशित जारशी. यात लोक हमखास फसतात: फक्त बायनरी विसंगतीवर बिल्ड थांबवायचं सेटिंग चालू केलं तर इंटरफेसमधली नवी ॲबस्ट्रॅक्ट मेथड सुटून जाते. वर सांगितलेल्या नियमानुसार ती ‘बायनरी सुसंगत’ असते. सोर्स विसंगतीचं सेटिंगही चालू ठेवा.

खरी चाचणी ही: अकराही चॅनेलचे सध्या प्रॉडक्शनवर असलेले जार जसेच्या तसे एका फोल्डरमध्ये ठेवा, पुन्हा कंपाइल करू नका. एक टेस्ट लिहा जी सर्व्हिसलोडरने प्रत्येक चॅनेल उचलते आणि इंटरफेसमधली प्रत्येक मेथड एकदा तरी बोलावते. सेंडऑलला तीन संदेश द्या, मधला मुद्दाम चुकीचा, आणि निकालांची संख्या व क्रम तपासा. फ्रेमवर्कच्या प्रत्येक रिलीजला ही टेस्ट चालली पाहिजे.

मॉकिटोवर (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट, म्हणजे मॉक, बनवणाऱ्या लायब्ररीवर) विसंबू नका. मॉकवर डिफॉल्ट मेथडचा खरा कोड चालत नाही. ‘समूहनिकाल’ क्लास असल्यामुळे नल मिळेल आणि टेस्ट निदान पडेल. लिस्ट परत केली असती तर मॉकिटो रिकामी लिस्ट देतो; त्यावरचं लूप शून्य वेळा फिरतं आणि टेस्ट हिरवीच राहते. अशा जागी हाताने लिहिलेला साधा नकली चॅनेल ठेवा.

आणखी एक, इंटरफेसबाहेरचं. ‘मेसेज’ किंवा ‘पावती’ सिरिअलायझेबल (बाइटमध्ये साठवता येणारे) असून त्यांत ‘सिरिअलव्हर्जनयूआयडी’ लिहिलेला नसेल, तर त्या क्लासमध्ये एक साधी पब्लिक मेथड वाढवली तरी आपोआप काढलेला आकडा बदलतो. रांगेत पडलेले जुने संदेश वाचताना ‘इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन’ येतो. आधी ३.४ च्या जारवर ‘सिरिअलव्हर’ चालवून आत्ताचा आकडा काढा आणि तोच लिहून टाका. नवा एक वगैरे लिहिलात तर तुम्ही स्वतःच मोडलंत.

---

मुलुंड_चेकनाका

अंधेरीची पुश टीम कोटलिनमध्ये लिहिते का? असेल तर त्यांच्या कोडमध्ये ‘सेंडऑल’ नावाचं एक्स्टेन्शन फंक्शन (क्लासच्या बाहेरून जोडलेलं) शोधा. मेथड नव्हती म्हणून कुणीतरी ते लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. कोटलिनमध्ये मेंबर (क्लासमधलीच मेथड) आणि एक्स्टेन्शन दोन्ही जुळले तर मेंबर जिंकतो. जुना बाइटकोड एक्स्टेन्शनच बोलावत राहतो. पुन्हा कंपाइल झालं की तीच ओळ गुपचूप तुमच्या मेथडकडे वळते.

हे अँड्रॉइडवर मोठ्या प्रमाणावर झालं आहे. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये ‘लिस्ट’ला ‘रिमूव्हफर्स्ट’ आणि ‘रिमूव्हलास्ट’ आल्या. कोटलिनच्या स्टँडर्ड लायब्ररीत त्याच नावांची एक्स्टेन्शन आधीपासून होती. अँड्रॉइड १५ च्या एसडीकेवर, म्हणजे ३५ वर, कंपाइल केलं की त्या ओळी नव्या मेंबरला जोडल्या जातात, आणि अँड्रॉइड १४ किंवा खालच्या फोनवर ‘नोसचमेथडएरर’ने ॲप पडतं. डेव्हलपरच्या नव्या फोनवर सगळं चालतं. तिथला उपाय ‘रिमूव्हॲट’ला शून्य किंवा ‘लास्टइंडेक्स’ देणं. तुमच्याकडचा उपाय सोपा: त्यांच्या एक्स्टेन्शनचं नाव ३.५ आधी बदलून घ्या.

कोटलिनवाल्यांना हेही सांगा, की फंक्शनला डिफॉल्ट किमतीचा पॅरामीटर वाढवणं सोर्समध्ये निरुपद्रवी दिसतं, पण जेव्हीएमवरची सही बदलते आणि जुना कंपाइल झालेला बोलावणारा पडतो. जुनी सही असलेलं फंक्शन वेगळं ठेवावं लागतं.

---

गोरेगाव_पूर्व

शोधलं. दोन ठिकाणी एक्स्टेन्शन होतं, त्यातलं एक अपवाद बाहेर फेकणारं. नावं बदलायला सांगितली आहेत.

योजना अशी: ३.५ मध्ये ‘सेंडऑल’ डिफॉल्ट, ‘क्षमता’ डिफॉल्ट आणि ‘रद्दक्षमचॅनेल’. चारही रॅपर त्याच रिलीजमध्ये दुरुस्त. बोलावणाऱ्या टीम लगेच ‘सेंडऑल’ वापरू शकतील. ठीक आहे ना?

---

चर्चगेट_स्लो

शेवटचं वाक्य सोडून ठीक. ३.५ आल्याबरोबर बोलावणाऱ्यांना सोडू नका. क्लासपाथवर कुठल्या ॲपमध्ये ३.४ चा जार अजून चढतो आहे हे आधी बघा, नाहीतर तिथे ‘नोसचमेथडएरर’ येईल. ॲप सुरू होताना फ्रेमवर्कने आपली आवृत्ती आणि सापडलेले चॅनेल लॉगमध्ये लिहावेत, एवढी ओळ ३.५ मध्येच घाला. सगळीकडे ३.५ दिसली की मग बोलावणारे बदला, आणि पहिला डिप्लॉय बाजार ३:३० ला बंद झाल्यावर करा. एसएमएस टीमला ‘सेंडऑल’ स्वतः लिहायची परवानगी त्यानंतर, त्यांच्या चॅनेलचे सबक्लास कुणाकुणाकडे आहेत याची यादी हातात आल्यावर.